तुम्ही विचारलंत म्हणून: राजकन्या भित्रीच का?

मी मुलांना गोष्टी सांगते, आणि त्यातली एक ठराविक गोष्ट संपली की मुलांच्या आईबाबांपैकी कुणीतरी हमखास विचारतंच, की गोष्ट छान आहे हो, पण तुमची राजकन्या एवढी भित्री का, मुलींसमोर आता धाडसी राजकन्या ठेवायला हव्यात ना. विचारणाऱ्याचं मन चांगलंच असतं. निघायच्या घाईत दोन वाक्यांत उत्तर देऊन माझंच समाधान होत नाही, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

आधी गोष्ट थोडक्यात, ज्यांनी ऐकली नाही त्यांच्यासाठी. दोन राजकन्या, सख्ख्या बहिणी. मोठी कुणाशी बोलत नाही. म्हणजे बोलता येतं तिला, बहिणीशी तर रात्र रात्र बडबडते, पण अनोळखी माणूस समोर आला की घसा बंद. धाकटी तिच्या वाटचंही बोलते, ताईला हे हवंय, ताईला ते नकोय, ताई आता दमलीये. आणि मग धाकटी आजारी पडते. आजार असा की रोज आदल्या दिवसापेक्षा जरा जास्त झोप, दरबारातले वैद्य एकमेकांच्या चुका काढण्यात मग्न, आणि खबर एवढीच की लांब कुठेतरी एक बाई आहे जिने या आजारातून माणूस उठलेला पाहिलाय. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. म्हणजे जायचं तर वाटेत भेटेल त्या प्रत्येकाला विचारत विचारतच जायला हवं, आणि विचारणार कोण तर ही.

गोष्टीत राक्षस नाही, तलवार नाही. काही मुलं यावर जाम वैतागतात, मग थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात येतं की हिच्यासाठी प्रत्येक नवीन माणूस हाच राक्षस आहे, आणि असे राक्षस वाटेवर पावलोपावली आहेत.

तर आता प्रश्न. भित्रीच का? पहिलं कारण म्हणजे आजारपण. राजकन्येला राज्य जिंकायचं असतं तर मीही कदाचित शूर मुलगी घेतली असती, पण इथे बहीण आजारी आहे आणि आजारावर तलवार चालत नाही. आजारी माणसाला वाचवायचं म्हणजे काय करायचं असतं? विचारायचं, ऐकायचं, बारीकसारीक लक्षात ठेवायचं, जागायचं, आणि एका उपायाने जमलं नाही की चिडून न जाता दुसरा करायचा. ही सगळी बिनतलवारीची कामं आहेत आणि घाबरट माणसं त्यातली निम्मी कामं लहानपणापासून करत आलेली असतात, कारण ज्याला भीती वाटते तो आधी बघतो, कोण कुठे उभंय, कुणाचा आवाज चढलाय, दार कुठल्या बाजूला आहे.

खऱ्या जगातला औषधाचा शोध घ्या ना. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन. चीनमध्ये १९६७ साली यासाठी एक गुप्त प्रकल्प सुरू झाला, आणि १९६९ मध्ये तू यूयू या संशोधक बाईंकडे एका गटाचं काम आलं. त्यांनी काय केलं, तर जुने ग्रंथ चाळले, जुन्याजाणत्या वैद्यांना भेटून विचारलं, दोन हजारांच्या आसपास नुस्खे जमवले. एक वनस्पती आशा दाखवायची आणि पुढच्या वेळी हुलकावणी द्यायची. मग सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथातली ओळ त्यांना खटकली, की या वनस्पतीचा मूठभर पाला पाण्यात भिजवावा, पिळावा आणि तो रस प्यावा. उकळायचं कुठेच म्हटलेलं नाही! म्हणजे आपण उष्णता देतोय तीच औषध मारतीये की काय, असं त्यांच्या डोक्यात आलं, त्यांनी कमी तापमानाला उकळणारा ईथर वापरून अर्क काढला आणि १९७१ मध्ये तो प्राण्यांमधल्या मलेरियावर पूर्ण लागू पडला. पुढे माणसांना द्यायच्या आधी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो स्वतः घेऊन बघितला, आणि २०१५ साली नोबेल मिळालं. स्वतःवर प्रयोग करणं हे धाडस आहेच, मी नाही म्हणत नाही, पण औषध सापडलं ते एक ओळ नीट वाचल्यामुळे. माझी राजकन्या हेच करते. एक म्हातारा तिला वाट सांगताना मध्येच थांबतो आणि विषय बदलतो, शूर राजकन्या असती तर थँक्यू म्हणून घोडा पुढे काढला असता, हिला ते थांबणं खटकतं, आणि तिथूनच धागा मिळतो.

दुसरं म्हणजे हे मी काही नवीन काढलेलं नाही. जुन्या गोष्टी परत वाचा, पण चित्रांची पुस्तकं नाही, मूळ गोष्टी. जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या लोककथांच्या संग्रहात सात कावळ्यांची गोष्ट आहे. एक मुलगी जन्मते ती इतकी अशक्त की तातडीने बाप्तिस्म्याचं पाणी हवं असतं, सात भाऊ विहिरीवर धावतात, धक्काबुक्कीत घागर पाण्यात पडते, बापाच्या तोंडून शाप निघतो आणि भावांचे कावळे होतात. मुलगी मोठी होऊन त्यांना शोधायला निघते तेव्हा सोबत काय घेते, आईबाबांची आठवण म्हणून अंगठी, भुकेसाठी पाव, तहानेसाठी पाणी, आणि दमल्यावर बसायला एक छोटी खुर्ची. खुर्ची! मला ही मुलगी फार आवडते, कारण आपण दमणार हे तिला निघतानाच माहितीये. सूर्यापाशी पोचते, तो भयंकर तापलेला आणि लहान मुलांना खाणारा, ती पळत सुटते. चंद्रापाशी जाते, तो गारठलेला, दुष्ट, त्याला माणसाचा वास येतो, ती तिथूनही पळते. दोनदा पळून जाणारी ही नायिका आहे आणि गोष्ट तिला एका शब्दानेही बोल लावत नाही. नंतर काचेच्या डोंगराची किल्ली हरवल्यावर हीच मुलगी स्वतःची करंगळी कापून दाराला लावते. पळालेलीच ती, दुसरी कुणी नाही.

स्कॉटलंडकडची केट क्रॅकरनट्सची गोष्ट तर बहिणींचीच आहे, त्यातही सावत्र बहिणींची. केटची आई मत्सरापायी सावत्र मुलीचं डोकं मेंढीचं करवते, केट त्या डोक्याभोवती स्वच्छ कापड गुंडाळते, बहिणीचा हात धरते आणि दोघी घर सोडतात. एका वाड्यात आजारी राजपुत्राशेजारी रात्रभर जागायचं काम केट पत्करते, त्याच्या मागोमाग पऱ्यांच्या टेकडीत शिरते, आणि तिथे गेल्यावर करते काय, तर दाराआड लपते आणि ऐकते. तिथे एक बाळ जादूची कांडी घेऊन खेळत असतं, आणि त्या पऱ्या आपापसात बोलतात की या कांडीचे तीन फटके केटच्या बहिणीला बरं करायला पुरेत. मग केट लपल्या जागेवरून बाळाकडे अक्रोडासारखी फळं एकेक करून गडगडवत राहते, बाळ त्यांच्या मागे जाताजाता कांडी टाकतं आणि केट ती उचलून घरी. संपलं, लढाई नाही काही नाही. लपणं, ऐकणं, धीर धरणं एवढ्यावर बहीण बरी.

आणि एक कविता, ख्रिस्तिना रोझेटी या इंग्रज कवयित्रीची गॉब्लिन मार्केट, १८६२ साली छापून आली. त्यातल्या दोघी राजकन्या नाहीत, पण माझ्या गोष्टीच्या सगळ्यात जवळच्या बहिणी ह्याच. जादूची फळं विकणारे बुटके रोज हाका मारतात, लॉरा बघायला थांबते, आणि लिझी कानात बोटं घालून, डोळे मिटून पळते. लॉरा फळं खाते आणि पुन्हा तीच फळं मिळावीत या ओढीने खंगत जाते, केस पांढरे व्हायला लागतात, काम सुटतं, अन्न सुटतं. लिझीला तिच्यासाठी फळ आणायचं असतं पण किंमत फार मोठी पडेल या भीतीने ती किती दिवस घुटमळत राहते, आणि हे घुटमळणं कवयित्रीने लपवलेलं नाही, याचं मला फार अप्रूप आहे. लॉरा मरायला टेकल्यावर लिझी निघते. बुटके तिला चिमटे काढतात, कपडे फाडतात, फळं तोंडावर चिरडतात, ती फक्त ओठ घट्ट मिटून उभी राहते. तोंडावरचा रस घेऊन घरी येते, लॉरा तो चाखते आणि रात्रभर फणफणते, आणि लिझी उशाशी बसून तिची नाडी मोजते, श्वास चाललाय ना बघते, पाणी देते. आजारी माणसाच्या उशाशी जे कधी बसलेत त्यांना ते नाडी मोजणं लगेच ओळखू येईल.

आता धाडसाबद्दल बोलायलाच हवं कारण खरा वाद तिथेच आहे. आपण धरून चालतो की शूर म्हणजे ज्याला भीती वाटत नाही. अशी एक बाई खरंच अभ्यासली गेलीये, संशोधनात तिला एस.एम. एवढंच म्हणतात, एका दुर्मिळ आजाराने तिच्या मेंदूतला भीतीशी जोडलेला अमिग्डला हा भाग दोन्ही बाजूंनी निकामी झालेला. २०११ साली छापलेल्या अभ्यासात आहे की तिला साप आणि मोठे कोळी ठेवलेल्या दुकानात नेलं तर ती सापांना हातात घेत होती, धोकादायक आहे सांगूनही कोळ्याला हात लावायला मागत होती. आणि याच बाईवर आयुष्यात चाकू रोखला गेलाय, बंदूक रोखली गेलीये, एकदा बागेत चाकूचा प्रसंग झाल्यावर दुसऱ्या दिवशी ती त्याच बागेतून चालत गेली. मला हे वाचून तिच्याबद्दल फार वाईट वाटलं. भीती नसणं ही काही भेट नाही. स्टॅनली रॅकमन या मानसशास्त्रज्ञाने भीती आणि धैर्यावर १९७८ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात धैर्य म्हणजे भीती असताना काम न सोडणं असंच धरलंय, आणि मला तेवढंच पटतं.

आपल्याकडे महाभारतात बघा, विराट राजाचा मुलगा उत्तर. कौरवांचं सैन्य बघून रथातून उडी मारून पळाला म्हणून आपण पिढ्यानपिढ्या त्याला हसतोय. पण बृहन्नडेने, म्हणजे वेष पालटलेल्या अर्जुनाने, पकडून आणल्यावर तोच शमीच्या झाडावर चढला, जिथे प्रेत टांगलंय असं सगळे समजायचे, आणि त्याच सैन्यासमोर त्यानेच अर्जुनाचा रथ हाकला. कुरुक्षेत्रावर पहिल्याच दिवशी शल्याशी लढताना तो मारला गेला, हे किती जणांना आठवतं? पळालेला सीन तेवढा लक्षात राहतो.

आणि ऐकायला बसलेल्या मुलांमध्ये अशी मुलं असतातच हो. मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी हार्वर्डला चार महिन्यांच्या बाळांना नवी खेळणी, नवे आवाज, नवे वास देऊन बघितलं तर साधारण पाचातलं एक बाळ जोरजोरात हातपाय झाडायचं, रडायचं, आणि पुढे बुजरी होण्याची शक्यता याच बाळांमध्ये जास्त दिसली. सगळीच झाली असं नाही, पण कल तसा. म्हणजे गोलात वीस मुलं बसली असतील तर तीनचार जणांना प्रत्येक गोष्टीतली बिनधास्त राजकन्या बघून आपलं इथे काही काम नाही असंच वाटत असणार. त्यांना घाबरू नकोस हे घरी, शाळेत सगळीकडे ऐकायला मिळतं. घाबरलीस तरी चालेल, पुढचं विचार, हे गोष्टीत तरी मिळू दे.

शेवटी तरी ती धाडसी होते ना, असं पुढचं विचारतात. नाही होत. बहीण उठून बसते, दरबार भरतो, राजा म्हणतो बोल काय हवं, आणि मोठीचा घसा परत बंद, मग धाकटी म्हणते ताईला आता झोपायचंय. मोठी मुलं इथे हसतात आणि माझी खात्री आहे की त्या हसण्यात टर नसते, ओळख पटलेली असते.

एक गोष्ट मात्र मी बदलते, आणि ती कधी बदलते हे सांगायलाच हवं. ज्या मुलाच्या घरी खरंच भाऊ किंवा बहीण मोठ्या आजारात आहे, तिथे लहान मुलं अनेकदा मनात धरून बसतात की आपण भांडलो, आपण वाईट चिंतलं म्हणून हे झालं. त्याच मनाला वाटू शकतं की आपण पुरेसे शूर असतो तर ती बरी झाली असती. तिथे मी राजकन्येच्या धैर्याने बहीण बरी झाली असं चुकूनही म्हणत नाही. तिथे औषध त्या लांबच्या बाईंनी दिलं, ते लागू पडायला बरेच दिवस गेले, मध्ये एकदा परत ताप चढला, आणि राजकन्या त्या दिवसांत बहिणीशेजारी बसून वाटेत भेटलेल्या माणसांच्या नकला करून दाखवत होती, असं सांगते. आणि आजार कुणाच्या बोलण्याने आला नव्हता हे त्या बाईंच्या तोंडी घालते, अगदी सरळ शब्दांत, मुलाला वाटलं तर परत विचारता येईल असं थांबून.