खिडकी उघडता येणारा टॉवर

कुठलाही नवा ऑफिस टॉवर घ्या, "ग्रीन बिल्डिंग" म्हणून मिरवतोच. मी आपली एकच गोष्ट बघतो, आत बसलेल्याला खिडकी उघडता येते का? बहुतेक ठिकाणी नाही येत. एवढ्या उंचीवर वारा असा घुसतो की टेबलावर कागद राहायचा नाही, म्हणून सगळं सीलबंद करून टाकायचं आणि मग वर्षभर एसी.

फ्रँकफर्टच्या कॉमर्झबँक टॉवरमध्ये ही भानगड १९९७ सालीच मिटवलीय. ५६ मजले, २५९ मीटर, डिझाइन ब्रिटिश आर्किटेक्ट नॉर्मन फॉस्टरच्या फर्मचं. काचेचे दोन थर आहेत, बाहेरची काच फिक्स पण तिला वर-खाली फटी ठेवल्यात, हवा त्यातून मधल्या पोकळीत येते, वाऱ्याचा जोर बाहेरच मोडतो आणि आतली खिडकी तुम्ही आरामात तिरकी उघडू शकता. बाहेरचं हवामान फारच बिघडलं तर सिस्टीम स्वतःच खिडक्या लावून घेते आणि एसी सुरू.

पण खरी गंमत प्लॅनमध्ये आहे. एरवी टॉवरच्या पोटात लिफ्ट, जिने, टॉयलेट कोंबलेले असतात. इथे प्लॅन त्रिकोणी, लिफ्ट आणि जिने तीन कोपऱ्यांत ढकललेत, त्यामुळे मधोमध उंचच उंच मोकळी जागा मिळाली (धूर आणि वाऱ्याचा झोत वर चढू नये म्हणून तिला दर बारा मजल्यांवर काचेचा पडदा आहे). मजल्याच्या दोन बाजूंना ऑफिस, तिसऱ्या बाजूला बाग, चक्क चार मजले उंच! आणि दर चार मजल्यांनंतर बाग त्रिकोणाच्या पुढच्या बाजूला सरकते, अशा एकूण नऊ. म्हणजे ज्याचं टेबल आतल्या बाजूला आहे त्यालाही पोकळीपलीकडे झाडं आणि त्यामागे आकाश दिसतं, आणि खिडकी त्यालाही उघडता येते. आमच्यासारखे वर्षानुवर्षं ट्यूबलाइटखाली बसलेले लोक हे वाचून जळणारच ना.

फॉस्टरच्याच फर्मने नंतर लंडनला तो काकडीच्या आकाराचा "गर्किन" टॉवर केला, २००४ मध्ये उघडला. तिथे प्रत्येक मजला खालच्यापेक्षा पाच अंशांनी फिरवलाय, त्यामुळे कडेच्या पोकळ्या नागमोडी वर चढतात, हवा त्यातूनच खेळायची होती. पण कॉमर्झबँकेने टॉवर स्वतःच्या मुख्यालयासाठी बांधला होता, लंडनला निम्मे मजले भाड्याने गेले. भाडेकरूंना वरच्या-खालच्या कंपनीशी हवा शेअर करायची नव्हती, मग काही मजल्यांवर पोकळीला काचेची पार्टिशन्स लागली.