वेल चढते कशी, ते आधी पाहावे

चार वर्षांपूर्वी कृष्णकमळाचे रोप लावताना मी त्याच्याजवळ मनगटाएवढ्या जाडीचा लाकडी खांब रोवला आणि भक्कम आधार दिल्याच्या समाधानात राहिलो. महिनाभरात रोप हातभर वाढले, पण खांबाकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही; त्याचे तणावे, म्हणजे आधार पकडणारे दोऱ्यासारखे कोवळे तंतू, शेजारच्या गुलाबाच्या काटक्या धरून भलतीकडेच निघाले. शेवटी खांबावर सुतळीचे चार उभे दोर ताणून बांधले, तेव्हा आठवडाभरात वेल वर सरकू लागली. तणावा जेमतेम बोटभर लांबीचा असतो, त्यामुळे जाड खांबाला वेढा घालणे त्याला शक्यच नसते. त्याला काडी, तार किंवा दोरी हवी असते.

तेव्हापासून बहुवर्षीय फुलवेल आणायची असली की तिच्या फुलांच्या आधी मी तिची चढण्याची रीत पाहतो. गोकर्णाचे खोडच आधाराभोवती गुंडाळत जाते. त्याचा कोवळा शेंडा हवेत सावकाश गोल फिरत असतो आणि काही उभे हाती लागले की त्याला वेटोळे घालतो. बोगनवेलीला धरता असे येतच नाही, ती काट्यांच्या जोरावर नुसती रेलते, म्हणून तिला बांधावेच लागते. मधुमालतीची युक्ती मला सर्वांत आवडते: जुने पान गळाले तरी देठाचा खालचा भाग फांदीवर राहतो आणि तोच पुढे टणक, वाकडा काटा होऊन आकड्यासारखा अडकतो. छाटणी करताना हातमोजे का घालावेत, हे त्या काट्यांनी मला दोनदा शिकवले आहे.

चार्ल्स डार्विन यांनी १८६५ मध्ये चढणाऱ्या वनस्पतींच्या हालचालींवर प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला होता. त्यात वर्णन केलेली तणाव्याची एक गंमत कृष्णकमळावर कोणालाही पाहता येते. तणाव्याचे टोक आधाराला चिकटले की मधला भाग स्प्रिंगसारखा वळू लागतो. परंतु दोन्ही टोके जखडलेली असल्याने त्याला एकाच दिशेने पीळ घेता येत नाही. म्हणून अर्धा भाग एका दिशेने, अर्धा विरुद्ध दिशेने वळतो आणि मध्ये एक लहानसा सरळ तुकडा उरतो. वारा आला की ही स्प्रिंग ताणली जाते आणि पुन्हा आखडते, त्यामुळे वेल झोके खाते, पण तुटत नाही.

आधाराच्या बाबतीत दुसरी चूक वजनाची. मधुमालतीसाठी मी बांबूच्या कामट्यांचा नाजूक मांडव उभारला होता. पहिल्या वर्षी वेल फारशी वाढली नाही, कारण तिचा सगळा भर मुळांवर होता. तिसऱ्या वर्षी मात्र भिजलेल्या पानांच्या भाराने मांडव एका रात्रीत आडवा झाला. तेव्हा मांडव आजच्या रोपासाठी नव्हे, तर पाच वर्षांनंतरच्या वेलीसाठी बांधावा. आता तेथे लोखंडी कमान आहे, आणि संध्याकाळी उमललेले पांढरे फूल पुढच्या दोन दिवसांत गुलाबी आणि मग लाल होत जाते, ते तिन्ही रंग एकाच घोसात पाहायला मिळतात.

फुले वरच्या टोकालाच येतात आणि खाली नुसती खोडे दिसतात, ही तक्रार बहुतेकांची असते. फांदी सरळ वर जात असेल तर शेंड्यावरचा कोंब खालच्या डोळ्यांना, म्हणजे पेरांवरच्या झोपलेल्या अंकुरांना, फुटू देत नाही. तीच फांदी तारेवर आडवी वाकवून बांधली की तिच्यावरचे डोळे जागे होतात, पेरापेरातून फुटवे येतात आणि फुले वेलभर विखुरतात. बांधताना दोरीचा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल फास घ्यावा, नाहीतर खोड जाड होताना दोरी सालीत रुतते.

खताबद्दल थोडक्यात सांगायचे तर नत्र जास्त झाले की पानांचे रान माजते आणि फुले रुसतात. गोकर्ण शेंगवर्गीय असून मुळांवरच्या गाठींतील जिवाणूंमुळे हवेतले नत्र तिला मिळते, त्यामुळे तिला ते वेगळे घालण्याची गरज सहसा पडत नाही. बोगनवेलीला पाण्याचा थोडा ताण दिला तर बहर अधिक येतो.

छाटणीचे वेळापत्रक मात्र सर्व वेलींना एकच लावू नये. बोगनवेल आणि मधुमालती नव्या फुटीवर फुलतात, म्हणून बहर ओसरल्यावर त्यांना मोकळ्या हाताने कापावे. संक्रांतवेल मी एकदा टापटिपीच्या हौसेपायी ऐन कळ्या धरण्याच्या तोंडावर छाटली, आणि त्या वर्षी कुंपणाची अर्धी बाजू केशरी, अर्धी कोरी हिरवी राहिली. आता तिची फुले पूर्ण गळून पडेपर्यंत कात्री मी घराबाहेर काढत नाही.