कंट्रोल-डब्ल्यू दाबलं आणि टॅबच बंद झाला

एका पतसंस्थेचं फॉक्सप्रोत, म्हणजे जुन्या काळच्या डेटाबेस पॅकेजात, लिहिलेलं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालवायचं काम आमच्याकडे आलं तेव्हा ऑफिसात बहुतेकांचं मत एकच, हे सगळं फेकून द्या आणि नवीन लिहा. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आता तर अजिबातच पटत नाही. संस्थेत नवीन बँकिंग सॉफ्टवेअर येऊन बरीच वर्षं झालीत, पण त्यात फक्त शिल्लक रकमा ओढून घेतल्या, मागचे व्यवहार तिकडेच राहिले. थकीत कर्जाच्या वसुलीची, सहकार कायद्याच्या कलम १०१ ची केस उभी राहिली की जुना खातेउतारा लागतोच, आणि तो असतो या फॉक्सप्रोच्या प्रोग्राममध्ये, जो डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टीमवर चालणारा. तो प्रोग्राम एका जुनाट विंडोज एक्सपीच्या मशीनवर चालायचा, ते मशीन गेलं. नवीन ६४ बिट विंडोज १६ बिटचा डॉस प्रोग्राम उघडतच नाही. शाखांमधल्या मशीनवर काही इन्स्टॉल करायची परवानगी नाही. ब्राउझर मात्र सगळीकडे आहे.

डॉसबॉक्स म्हणजे जुन्या डॉस मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, तो ब्राउझरमध्ये चालेल अशा रूपात (वेबअसेंब्लीत) आणलेला आयता मिळतो, त्यामुळे फॉक्सप्रो टॅबमध्ये उघडणं हा भाग लवकर झाला. वेगवान प्रोसेसरवर जुनं फॉक्सप्रो सुरू होतानाच भागाकाराची एरर देऊन बसतं, म्हणून डॉसबॉक्सचे सायकल्स, म्हणजे नकली मशीनचा वेग, मुद्दाम कमी ठेवले. फॉक्सप्रोच्या डेटाच्या (डीबीएफ) फाइली सर्व्हरवरून टॅबच्या मेमरीत उतरतात, प्रोग्रामने फाइल बंद केली की बदल परत वर जातो. इथपर्यंत बघून आमच्या मॅनेजरने क्लायंटला 'झालं' म्हणून मेल पण टाकला, ते मला आवडलं नव्हतं, कारण स्क्रीनवर मराठीचं एक अक्षर दिसत नव्हतं.

त्या काळी डॉसवर मराठी यायचं ते सीडॅकच्या जिस्ट कार्डामुळे. कार्ड मशीनमध्ये खोचलेलं असायचं, डेटा इस्कीत, म्हणजे भारतीय लिप्यांच्या अक्षरांना आकडे देणाऱ्या जुन्या पद्धतीत, साठवला जायचा आणि अक्षरं काढायचं काम कार्डाचं. ब्राउझरमध्ये कार्ड कुठून आणणार. मग इस्कीचे आकडे डॉसच्या स्वतःच्या अक्षरसंचातून दिसतात, आणि त्या संचात नेमक्या त्याच आकड्यांवर चौकटी काढायच्या रेघा आहेत. क म्हणजे १७९, डॉसला ती उभी रेघ. द म्हणजे १९६, ती आडवी रेघ. कदम आडनावाचा सभासद स्क्रीनवर │─╠ असा दिसतो, म्हणजे अख्खी सभासद यादी तुटलेल्या खिडक्यांच्या गजासारखी.

मी डॉसबॉक्सचं चित्र वापरायचंच सोडून दिलं. स्क्रीनवर कुठल्या घरात कुठलं अक्षर आहे ते ठेवणारी (टेक्स्ट मोडची) मेमरी थेट वाचायची, २५ ओळी गुणिले ८० रकाने, प्रत्येक घराला दोन बाइट, एक अक्षराचा आणि एक रंगाचा, असे ४००० बाइट, त्यातली अक्षरं युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या अक्षरपद्धतीत, फिरवायची आणि स्क्रीन आपणच काढायची. अडचण एकच, प्रोग्रामच्या मेनूला खऱ्या चौकटीही आहेत. १७९ दिसला तर तो क की चौकट? पहिला नियम केला की वरखाली पण १७९ असेल तर चौकट समजा. मग यादी क पासून लावली, कदम, कांबळे, कुंभार, कुलकर्णी एकाखाली एक, आणि सगळ्यांचा क गेला, जागेवर लांबच लांब रेघ. शेवटी रेघेचा माग काढत दोन्ही टोकांपर्यंत जायचं आणि तिथे कोपरा सापडला तरच चौकट, असं केलं. क च्या रांगेला कोपरे नसतात. हे जमलं त्या रात्री मला झोप लागली नाही इतका आनंद झाला होता, आणि त्याबद्दल ऑफिसात कोणाला काही सांगायला गेलं तर लोक मोबाइल बघतात.

मग तो दिवस. मुख्य शाखेत वसुलीचं जुनं काम बघणाऱ्या मॅडम आहेत, हा प्रोग्राम आला तेव्हापासून त्यावर बसलेल्या. त्यांना खुर्चीत बसवलं, मी मागे उभा. स्क्रीन बघून त्या म्हणाल्या, "अय्या, हे आपलंच की." माउसला हात लावला नाही. खातं काढलं, शेऱ्याची विंडो उघडली आणि लिहायला लागल्या. इनस्क्रिप्ट हा मराठीचा कीबोर्ड, के वर क, ई वर काना, डी ने पाय मोडायचा, कीबोर्डकडे न बघता. थकबाकीदाराच्या मुलाशी फोनवर काय बोलणं झालं, कुठल्या हप्त्याबद्दल वाद आहे, जामीनदार काय म्हणतो, चांगला पानभर शेरा. लिहून झाल्यावर कंट्रोल-डब्ल्यू, लगेच एंटर.

टॅब गेला. स्क्रीनवर संस्थेच्या वेबसाइटचं होमपेज.

"सर, मी तर सेव्ह केलं."

आणि त्यांनी केलंच होतं. फॉक्सप्रोत शेरा लिहून कंट्रोल-डब्ल्यू मारणं म्हणजेच जतन करून बाहेर पडणं. ब्राउझरमध्ये तीच की टॅब बंद करते, आणि साध्या टॅबमध्ये ती पेजला दिलीच जात नाही, तुम्ही कितीही कोड लिहा. 'पेज सोडायचं का' विचारणारा डबा आम्ही ठेवला होता, तो आलाही असणार, पण शेरा जतन झाला की एंटर मारून पुढच्या खात्यावर जायचं ही त्यांची सवय, त्या एंटरने डब्याला 'हो' मिळालं. पानभर मजकूर टॅबच्या मेमरीत होता तो टॅबबरोबर गेला.

ब्राउझरवाल्यांचं कारण मला मान्य आहे. एखाद्या फसव्या पेजने टॅब बंद करायची की अडवून धरली तर माणूस अडकेल. पण ऑफिसात जे उत्तर मिळालं ते अजिबात मान्य नाही. आमचा एक सीनियर म्हणाला, जतन करायचं काम एफ-दहाच्या कीला लावून टाक आणि त्यांना सांग आजपासून एफ-दहा दाबायचं, ट्रेनिंगचा विषय आहे. ज्या बाईंनी डोळे मिटून हजारो शेरे लिहिलेत त्यांच्या बोटांना ट्रेनिंग द्यायचं, का तर आपल्याला आठवडाभर जास्त काम नको. प्रोग्राम जसाच्या तसा चालेल असं सांगून आपण काम घेतलंय आणि माझ्या दृष्टीने की हा प्रोग्रामचाच भाग आहे.

तर उपाय असा निघाला. फुलस्क्रीनमध्ये क्रोम आणि एज कंट्रोल-डब्ल्यू पेजकडे जाऊ देतात. पण फुलस्क्रीनमधून बाहेर पडायची की एस्केप, आणि फॉक्सप्रोत एस्केप म्हणजे एक पाऊल मागे, मॅडम ती मिनिटाला दहा वेळा दाबतात. त्यावर कीबोर्ड लॉक नावाची सोय आहे, ती मागितली की फुलस्क्रीनमध्ये एस्केपही पेजला मिळतो, बाहेर पडायला तो दाबून धरावा लागतो. साइट एचटीटीपीएसवर हवी आणि फुलस्क्रीन माणसाच्या क्लिकशिवाय सुरू होत नाही, म्हणून आधी 'सुरू करा' असं मोठं बटण टाकलं, ते दाबल्याशिवाय फॉक्सप्रो उघडतच नाही. शिवाय आता शेऱ्याच्या विंडोत काही टाइप होत असेल तर दर काही सेकंदांनी स्क्रीनच्या मेमरीतला मजकूर कच्चा म्हणून वेगळा ठेवतो. दिसतो तेवढाच भाग मिळतो, वर सरकलेल्या ओळी आधीच्या प्रतींमधून जुळवाव्या लागतात, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

मॅडमनी तो शेरा त्याच दुपारी परत लिहिला. मी म्हटलं मी टाइप करतो, तुम्ही सांगा, तर नको म्हणाल्या, वकिलाकडे जायचाय, शब्द माझेच पाहिजेत. दुसऱ्यांदा लिहिताना थोडा लहान झाला असं त्या म्हणाल्या. काय राहिलं ते त्यांनाही आठवेना आणि ते शोधायला माझ्याकडे काहीच नव्हतं, हे मात्र डोक्यातून जात नाही.

एका शाखेत फायरफॉक्स आहे, त्यात कीबोर्ड लॉक नाही. तिथे सध्या प्रोग्राम फक्त बघण्यापुरता उघडतो, शेरा लिहायची सोय मी बंद ठेवलीय. एज चालू करून द्यायचं पत्र शाखेने वर पाठवलंय.