तुम्ही विचारलेत म्हणून: अ‍ॅनिमेशनपटांचा इतिहास कशासाठी?

अ‍ॅनिमेशनपटांच्या इतिहासाचा अभ्यास करते असे सांगितले की बहुतेकदा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: चित्रे हलवण्याचे तंत्र शिकणे समजू शकते, पण मुलांच्या करमणुकीसाठी काढलेल्या जुन्या चित्रपटांचा इतिहास, आणि त्यातही त्यांचा सामाजिक-सांस्कृतिक संदर्भ, कशाला धुंडाळायचा? हा प्रश्न तंत्र शिकणारे विद्यार्थीही विचारतात, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते. पडद्यावर जे दिसते ते तसेच का दिसते, हे नुसते पडद्याकडे पाहून कळत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

मोजक्या चित्रांच्या अ‍ॅनिमेशनचेच पाहा. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात आणि हालचाल सफाईदार हवी असेल तर त्यासाठी निदान १२ वेगवेगळी चित्रे काढण्याचा प्रघात होता. त्याहून कमी चित्रांत भागवलेले काम पाहिले की आपण त्याला सहज ‘स्वस्तातले’ म्हणून मोकळे होतो. १९४१ मध्ये डिस्नेच्या स्टुडिओत मोठा संप झाला आणि तिथून बाहेर पडलेल्या काही कलावंतांनी पुढे युनायटेड प्रॉडक्शन्स ऑफ अमेरिका ही संस्था उभारली. सपाट रंग, कोनदार रेषा आणि थोडक्या हालचाली ही त्यांची शैली आधुनिक चित्रकलेतून आली होती आणि डिस्नेच्या वास्तवसदृश चित्रणाला तो जाणीवपूर्वक दिलेला नकार होता. युगोस्लाव्हियातील झाग्रेबच्या कलावंतांना सुरुवातीच्या काळात सेलसुद्धा, म्हणजे ज्यांवर चित्रे काढून रंगवली जात ते पारदर्शक पत्रेसुद्धा, पुरेसे मिळत नव्हते. त्या टंचाईतून त्यांनी जी काटकसरीची शैली घडवली, तिच्या बळावर दुशान वुकोटिच यांच्या १९६१ च्या ‘सुरोगात’ या लघुपटाने ऑस्कर मिळवले. अ‍ॅनिमेशनचे ऑस्कर अमेरिकेबाहेर जाण्याची ती पहिलीच वेळ होती. जपानमध्ये १ जानेवारी १९६३ रोजी ओसामु तेझुका यांची ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली, तेव्हा दर आठवड्याला नवा भाग अपुऱ्या पैशांत उभा करायचा होता. म्हणून स्थिर चित्रे, फक्त ओठांची हालचाल आणि एकदा काढलेल्या दृश्यांचा पुन्हा वापर हाच तिचा पाया झाला. तिन्हीकडे चित्रे कमीच आहेत, पण एकीकडे तो कलाविचार आहे, दुसरीकडे टंचाईवर केलेली मात आणि तिसरीकडे वेळापत्रकाचा रेटा. हा फरक ज्याला ठाऊक नाही, तो या तिन्ही कामांविषयी एकच मत देईल आणि ते चुकीचे असेल.

रेषेचेही असेच आहे. ‘स्नो व्हाइट’ (१९३७) मधील पात्रांच्या मऊ, रंगीत बाह्यरेषा शाई भरणाऱ्या विभागातील स्त्रियांनी एकेका सेलवर हाताने ओढल्या होत्या. त्या काळी स्टुडिओत स्त्रियांना बहुतांशी याच विभागात काम मिळे. पुढे खर्च वाचवण्यासाठी पेन्सिलीचे रेखाटन झेरॉक्सच्या तंत्राने थेट सेलवर उतरवले जाऊ लागले आणि १९६१ च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’मध्ये रेषा काळी, खरबरीत आणि जिवंत झाली. मला स्वतःला ती रेषा फार आवडते, मात्र तिच्यापायी हाताने रेषा ओढण्याचे एक कसब स्टुडिओतून हद्दपार झाले, हेही तिच्या इतिहासात नोंदवले गेले पाहिजे.

संदर्भाचे मोल मला सर्वांत ठळकपणे जाणवते ते आशियातील युद्धकाळात. शांघायभोवती जपानी फौजा असताना वान लायमिंग आणि वान गुचान या बंधूंनी ‘प्रिन्सेस आयर्न फॅन’ (१९४१) हा आशियातील पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट पूर्ण केला. त्यात सारे लोक एकजुटीने वृषभदैत्याला नमवतात आणि अनेक अभ्यासकांनी त्यात आक्रमणाविरुद्धची हाक वाचली आहे. हाच चित्रपट युद्धकाळात जपानमध्येही दाखवला गेला. पुढे जपानी नौदलाच्या पाठबळाने मित्सुयो सेओ यांनी ‘मोमोतारो’ हा प्रचारपट केला, जो १९४५ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात गोंडस प्राणी सैनिक होऊन बेटे ‘मुक्त’ करतात. किशोरवयातील तेझुका तो ओसाकात पाहून भारावून गेले. आक्रमण सोसणाऱ्यांची कला आक्रमण करणाऱ्या देशात पोहोचते आणि तिथल्या प्रचारपटाने भारावलेला मुलगा पुढे शांततेचा पुरस्कार करणाऱ्या कथा रचतो, हा प्रवास ‘मुलांची करमणूक’ या दोन शब्दांत मावत नाही.

आता अभ्यास कसा करायचा, याविषयी. चित्रपट पाहावेतच, परंतु त्यांच्याबरोबर करारपत्रे, परीक्षणे, स्टुडिओतील टिपणे आणि कामगारांच्या मुलाखतीही वाचाव्यात, कारण पुष्कळदा चित्रपटच उरलेला नसतो. किरीनो क्रिस्तियानी यांनी अर्जेंटिनात १९१७ मध्ये केलेला ‘एल अपोस्तोल’ हा जगातील पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट मानला जातो आणि तत्कालीन राष्ट्राध्यक्षांवरील ते राजकीय व्यंग होते, म्हणजे मोठ्यांसाठीच. त्याची एकही प्रत शिल्लक नाही. म्हणून उपलब्ध चित्रपटांतील सर्वांत जुना पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट म्हणून लोटे रायनिगर यांच्या छायाकृतींतून साकारलेल्या १९२६ च्या ‘प्रिन्स अहमद’चे नाव घेतले जाते, आणि क्रिस्तियानींच्या चित्रपटाविषयी जे काही सांगता येते, ते लोकांनी त्याबद्दल लिहून ठेवलेल्या मजकुरावरून आणि उरलेल्या मोजक्या रेखाटनांवरूनच.