किंडर स्काउट : ज्या डोंगरावर जाण्यास मनाई होती

मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन शहरांच्या मधोमध किंडर स्काउट हे ६३६ मीटर उंचीचे पठार आहे. उंचीच्या दृष्टीने ते काही फार मोठे नव्हे. परंतु ज्यांनी आयुष्यात कधी डोंगर चढलेला नाही, अशा लोकांना घेऊन जायचे असेल तर इंग्लंडमध्ये याहून सोयीची जागा मला ठाऊक नाही. याचे पहिले कारण रेल्वे. दोन्ही शहरांना जोडणाऱ्या मार्गावरील ईडेल या छोट्या स्थानकावर उतरले की पायवाट जवळजवळ दारातच सुरू होते. आमच्या गटातील बहुतेकांकडे मोटार नव्हती. त्यात शाळकरी मुले होती, कामाची पाळी संपवून आलेल्या परिचारिका होत्या आणि निवृत्त शिक्षिका असलेल्या एक काकूही होत्या.

अशा गटाला अडवते ते चढण असेल किंवा महागड्या बुटांचा अभाव असेल, असा माझा समज होता. प्रत्यक्षात पहिला अडथळा आला तो सपाटीवरच, एका साध्या लाकडी फाटकापाशी. पलीकडे मेंढ्या चरत होत्या. काकू थबकल्या आणि म्हणाल्या, “अहो, हे कुणाचं तरी शेत दिसतंय. कुणी हटकलं तर?” फाटकाला कुलूप नव्हते, नुसती लोखंडी खिट्टी होती, आणि शेजारच्या खांबावर राष्ट्रीय पायवाटेची खूण असलेले ओकचे फळ कोरलेले होते. ती खूण दाखवून खिट्टी त्यांनाच उघडायला लावली आणि शेवटच्या माणसाने फाटक पुन्हा लावून घ्यायचे, एवढे सर्वांना सांगितले. पुढच्या फाटकापाशी त्या आपणहून पुढे झाल्या.

त्यांचा प्रश्न मात्र अनाठायी नव्हता, कारण याच डोंगरावर तो एकदा फार गंभीरपणे विचारला गेला आहे. १९३२ साली हे पठार डेव्हनशरच्या ड्यूकच्या मालकीचे होते आणि ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी सामान्यांना बंद होते. त्या वर्षी २४ एप्रिलला बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या तरुणाच्या पुढाकाराने शेकडो लोक, ज्यांत मँचेस्टर परिसरातील कामगार तरुण मोठ्या संख्येने होते, हेफिल्ड गावाजवळील बोडन ब्रिजच्या खाणीतून निघून विल्यम क्लफच्या घळीने वर चढले. वाटेत राखणदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. विशेष म्हणजे नुसते दुसऱ्याच्या जमिनीवर पाऊल ठेवणे हा तेव्हाही फौजदारी गुन्हा नव्हता. शिक्षा झाली ती दंगा आणि मारहाणीशी संबंधित आरोपांखाली. पुढे १९४९ चा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला, १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान झाले आणि २००० च्या कायद्याने डोंगर-माळरानांवर पायी फिरण्याचा हक्क मिळाला. हे सर्व त्या एका दिवसामुळे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण २००२ मध्ये सत्तराव्या स्मरणदिनी तेव्हाच्या ड्यूकनी आपल्या आजोबांच्या वर्तनाबद्दल जाहीर माफी मागितली, हेही नोंदवायला हवे.

आम्ही ईडेलहून अपर बूथ, जेकब्ज लॅडरचा दगडी चढ, किंडर लो आणि किंडर डाउनफॉलचा धबधबा करत विल्यम क्लफने हेफिल्डला उतरलो, म्हणजे शेवटी १९३२ ची वाट उलट दिशेने धरली. अंतर साधारण १५ किलोमीटर भरते. तासाला पाच किलोमीटर आणि प्रत्येक शंभर मीटर चढाईला दहा मिनिटे, या रूढ हिशेबाने चार तास पुरावेत. नवख्या गटासाठी मात्र सात तास धरावेत, कारण अशा गटाचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्यावर ठरतो आणि त्या व्यक्तीला आपल्यामुळे खोळंबा होतो आहे असे वाटू देणे योग्य नाही. वाट माहीत असलेल्या दोघांपैकी एकाने पुढे आणि एकाने अगदी शेवटी चालावे. धबधब्यापाशी पश्चिमेचा वारा जोराचा असेल तर पाणी खाली पडण्याऐवजी कड्यावरून उलट वर उडते. मुलांना त्या ठिकाणाहून हलवणे कठीण जाते, तेव्हा तो वेळही हिशेबात धरावा.

पठाराच्या मध्यभागात शिरू नये. तेथे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेल्या काळ्या, भिजक्या पीट मातीत पाण्याने कापलेल्या खोल घळ्यांचे जाळे आहे आणि धुक्यात अनुभवी माणसेही तेथे दिशा हरवतात. शिवाय आसपासच्या गिरण्या-कारखान्यांच्या धुराने येथील स्फॅग्नम शेवाळ दीर्घकाळ मरत गेले आणि माती उघडी पडली. आता घळ्या अडवून शेवाळाची रोपे लावली जात असल्यामुळे वाट सोडून चालल्यास त्या कामाची नासधूस होते. ईडेलहून निघणाऱ्या पेनाइन वे या राष्ट्रीय पायवाटेच्या दलदलीच्या काही टप्प्यांवर टाकलेल्या फरश्या जुन्या कापडगिरण्यांमधून आणलेल्या आहेत.

शहरात ऊन असले तरी वर वारा आणि पाऊस गृहीत धरून प्रत्येकाकडे जलरोधक कोट व एक जादा उबदार कपडा असावा. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशासंस्थेचा ओएल १ हा नकाशा आणि होकायंत्र जवळ ठेवावे, कारण फोनला सर्वत्र रेंज नसते. अपघात झाल्यास ९९९ वर पोलिसांमार्फत पर्वतबचाव पथक मागवावे. खुल्या माळरानावर १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्र्याला आखूड दोरीने बांधून न्यावे लागते. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी हा नियम आहे. फिरण्याच्या हक्कात तंबू ठोकणे किंवा सायकल चालवणे येत नाही, आणि विस्तव पेटवणे तर मुळीच नाही, कारण कोरडे पीट जमिनीखाली दिवसेंदिवस धुमसत राहते.

हेफिल्डला रेल्वे नाही. तेथून बसने न्यू मिल्सला जाऊन गाडी पकडावी लागते, म्हणून रविवारच्या बसच्या वेळा आधी पाहून ठेवाव्यात. इतके चालणे झेपणार नाही अशी मंडळी सोबत असतील, तर ईडेलहून अपर बूथपर्यंत शेतांतून जाऊन परत यावे. त्या वाटेवर चढ थोडा आणि फाटके भरपूर आहेत. स्वच्छतागृह ईडेलच्या वाहनतळापाशी आहे, वर पठारावर नाही, हे निघण्यापूर्वीच सर्वांना सांगून टाकावे.