चुकलं ताई

मंगळवार, रात्री उशिरा

झोप येत नाही म्हणून लिहायला बसले. गोष्ट इतकी लहान आहे की कुणाला सांगायची सोय नाही. निखिलला सांगितली तर म्हणाला, "मग संपलं ना? तो सॉरी म्हणाला ना?"

हो, म्हणाला. तेच तर मला कळत नाहीये.

सकाळी ठाण्यात मानपाडा ओलांडून स्कूटरवर कापूरबावडीकडे चालले होते. मेट्रोच्या पत्र्यांनी रस्ता जिथे चिंचोळा केलाय तिथे डावीकडून एक छोटा हत्ती टेम्पो आला, पाण्याचे जार भरलेला. इंडिकेटर नाही, हॉर्न नाही, सरळ माझ्यापुढे घुसला. मी दोन्ही ब्रेक दाबले. बारीक खडीवरून स्कूटर सरकली, पाय टेकला म्हणून वाचले. आरसा त्याच्या फाळक्याला घासून वाकडा झाला. मी ओरडले. काय ओरडले ते नीट आठवत नाही, पण मोठ्याने ओरडले.

आणि तो थांबला. घोडबंदर रोडवर, सकाळच्या गर्दीत. खिडकीतून डोकं बाहेर काढलं. पोरगाच होता, मिसरूड फुटलेला. "चुकलं ताई. खरंच चुकलं. लागलं का कुठं?"

मागून हॉर्नचा गदारोळ. मी "नाही" म्हणाले. त्याने छातीवर हात ठेवला आणि निघून गेला.

खरं म्हणजे इथे राग उतरायला हवा होता. इतक्या वर्षांत या रस्त्यावर माझी माफी कुणी मागितली असेल असं मला आठवत नाही. शिव्या ऐकल्यात, "बाई चालवतेय वाटतं" ऐकलंय, काच बंद करून बघितलंच नाही असं दाखवणारे तर रोजचेच. हा पहिला माणूस थांबला, चूक कबूल केली, लागलं का विचारलं. आणि माझा राग गेला नाही. उलट भडकला. माजिवडा येईपर्यंत मी हेल्मेटच्या आत त्याच्याशी भांडत होते. पुढच्या चौकातही. ऑफिसात डबा खातानासुद्धा मनातल्या मनात त्याला सुनावत होते: तुझ्या चुकीने माझा पाय मोडला असता तर बाबांना कुणी उचललं असतं? आईला जमतं का आता? सॉरी म्हटलं की झालं?

त्याने मला सगळं बोलून घ्यायला जागाच दिली नाही, असं वाटत होतं. तो जर उलट बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. हे वाक्य लिहिल्यावर मी जरा थांबले. पण ते खरं आहे.

ब्रॅड बुशमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. आधी विद्यार्थ्यांना मुद्दाम चिडवलं. मग काहींना पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितले आणि मारताना ज्याने चिडवलं त्या माणसाचा विचार करा म्हणून सांगितलं. काहींना नुसतं गप्प बसवलं. ज्यांनी त्या माणसाला आठवत ठोसे मारले त्यांचा राग निवळला नाही, तेच सगळ्यात जास्त चिडलेले निघाले. गप्प बसलेले त्या मानाने शांत होते. राग बाहेर काढला की मोकळं वाटतं असं आपण एकमेकांना सांगत आलोय. मी आज दिवसभर दुसरं काय केलं? त्या पोराचा चेहरा समोर धरला आणि ठोसे मारत राहिले. तो मात्र बहुतेक दहाव्या मिनिटाला जार उतरवायला लागला असेल.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपचं झालं. बाबांच्या फिजिओच्या दिवशी लिफ्टजवळची जागा तेवढी मोकळी ठेवा, असं मी परवाच लिहिलं होतं. चांगल्या शब्दांत. त्यावर पाटकरकाकांनी जे लिहिलं ते इथे लिहीत नाही. शेवटच्या वाक्यात बाबांचं नाव होतं. मी ते बाहेर जिन्यात उभी राहून वाचलं. तासाभराने बघितलं तर मेसेज डिलीट केल्याची ती राखाडी ओळ होती आणि तिच्याखाली दोघातिघांचं "काय होतं?" सुरू झालं होतं. नंतर काका लिफ्टमध्ये भेटले. "उकडतंय फार," म्हणाले. मी "हो" म्हणाले. दोघंही लिफ्टचे आकडे बघत वर गेलो.

म्हणजे एका दिवसात दोन माणसं माझ्यापुढे वरमली. एकाने तोंडाने सांगितलं, दुसऱ्याने पुसून टाकून. आणि मला दोन्हींपैकी एकही पोचलं नाही.

मला वाटायला लागलं की दोष माझ्यातच आहे. की मी आटून गेलेय. सगळ्यांना समजून घ्यायचं काम माझ्याकडे कधी आलं तेही मला माहीत नाही. बाबांचा स्वभाव समजून घे, आईची चिडचिड समजून घे, निखिलची नाइट शिफ्ट आहे, समजून घे. आता रस्त्यावरच्या पोरालाही समजून घ्यायचं, आणि पाटकरकाकांनाही, कारण त्यांच्या घरी गेल्या वर्षापासून काय चाललंय ते सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. मला कोण समजून घेतं, असं मी जेवताना म्हणाले. जरा जास्तच जोरात म्हणाले असणार, कारण आईने पोळी लाटणं थांबवलं आणि म्हणाली, "वड्याचं तेल वांग्यावर काढू नकोस."

आधी मला तिचाही राग आला. मग भांडी घासताना वाटलं, वडे कुठले ते तर शोधायला हवं.

त्या पोराचा मला इतका राग यायचं कारण नव्हतं. दहा सेकंदांचा प्रसंग होता. मला राग आहे तो खड्ड्यांचा. ज्यांनी ते बुजवले आणि पहिल्या पावसात पुन्हा उघडे पडू दिले त्यांचा. पत्रे लावून निम्मा रस्ता घेतला, आणि बाजूने दुचाकी कशी जाणार याचा विचार ज्यांच्या मनातही आला नाही त्यांचा. अवजड वाहनांच्या वेळा कागदावर ठरतात आणि सकाळी आठला कंटेनर माझ्या बाजूने जातो, त्याचा. यातल्या कुणीही मला आजवर "चुकलं ताई" म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. ते रस्त्यावर नसतातच. रस्त्यावर असतो तो पोरगा, मी, रिक्षावाला, शाळेची बस. ज्याच्याकडून माफी हवी तो हाताला लागत नाही, म्हणून जो हाताला लागतो त्याच्याकडून सगळ्यांच्या वाटची वसूल करायची. त्या पोराने स्वतःच्या चुकीची माफी पुरती मागितली होती. मला हवी होती ती त्याच्याकडे नव्हतीच.

हे सुचल्यावर मला बरं वाटलं, आणि जरा भीतीही वाटली. कारण हे मी आधी पाहिलेलं आहे.

आम्ही पालघरला होतो तेव्हा, नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे गेल्यावर झालेल्या मुंबईच्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या लाइक केल्या. दोघींना अटक झाली. आणि जमाव कुठे गेला? त्यातल्या एकीच्या काकांच्या दवाखान्यावर. तिथे हाडांचे पेशंट होते. त्यांनी कुणी काही लिहिलेलं नव्हतं. पण दवाखान्याला दार होतं, काचा होत्या, पत्ता होता. पुढे दोघींवरची केस मागे घेतली गेली, आणि आयटी कायद्याच्या ज्या ६६अ कलमाखाली असल्या अटका व्हायच्या ते सुप्रीम कोर्टाने मार्च २०१५ मध्ये रद्दच केलं. कायद्याचं निस्तरलं. फुटलेल्या काचांचं काय, हे तेव्हा बाबा सारखं विचारायचे.

बाबांना ते इतकं का लागलं होतं ते मला आत्ता कळतंय. मनोरजवळ त्यांना एसटीच्या ड्रायव्हरच्या सीटवरून खाली ओढलं होतं त्याच्या आसपासचीच ती वर्षं. त्यात बाबांची चूक नव्हती. ते असो.

गाडी चालवण्याबद्दल बाबा जे बोलतात ते मी नेहमी अर्धवट ऐकते. आज जेवल्यावर मुद्दाम विचारलं, तुम्हाला राग यायचा का हो रस्त्यावर? म्हणाले, "यायचा की. पण आमचा हात बाहेर असायचा." मग त्यांनी डाव्या हातानेच दाखवलं, उजवा अजून उचलत नाही ना. पुढे जा म्हणायचं तर हात असा फिरवायचा. थांब म्हणायचं तर असा. समोरून दुसरी एसटी आली की नुसता वर करायचा. आणि चुकलं तर? "तरी हातच. असा पंजा दाखवायचा. समोरचा काहीतरी पुटपुटायचा आणि जायचा. काच वर करून एसी लावायला लागल्यावर हात आत गेला. मग राहिला हॉर्न."

खरंच आहे. हॉर्नला एकच आवाज. बाजूला हो, मी आहे, तू गाढव आहेस, आभारी आहे, सगळं त्याच एका आवाजात. जपानमध्ये वाट दिली की मागच्याचे आभार मानायला हझार्ड लाइट दोनदा लुकलुकवतात म्हणे. आपल्याकडे तेच दिवे चौकात सरळ जायचं म्हणून लावतात, त्याने मागच्याचा नुसता गोंधळ. २०२० च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी एक व्हिडिओ टाकला होता. सिग्नलला आवाज मोजायचं यंत्र जोडलं होतं. हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे. तेव्हा मला ते फार आवडलं होतं. आज वाटतं, जो माणूस मुकाट उभा होता त्यालाही तितकंच थांबावं लागलं असणार, आणि तो पहिला हॉर्न वाजवणाऱ्याला काय काय म्हणाला असेल.

माझ्या तोंडावर तर स्कार्फ असतो, वर हेल्मेट. धुळीसाठी, उन्हासाठी बांधते, आणि तो सोडणार नाही. पण त्या पोराला माझे फक्त डोळे दिसले असणार, तेही रागावलेले. मी "नाही, लागलं नाही" म्हणाले ते त्याला ऐकू गेलं की नाही, देव जाणे. छातीवर हात ठेवून तो किती वेळ घाबरलेला राहिला असेल? हा विचार मी दिवसभरात एकदाही केला नव्हता.

ग्रुपवर तर डोळेही नाहीत. कुणी म्हणेल फेसबुकसारख्या कंपन्यांनीच हे करून ठेवलंय, आणि त्यात तथ्य आहे. २०१७ पासून काही वर्षं तिथे साध्या लाइकपेक्षा इमोजीच्या त्या चेहऱ्यांना, रागाने लाल झालेल्यालाही, जास्त वजन होतं, सुरुवातीला तर पाचपट. चिडलेल्या पोस्ट वर येणारच. २०२१ मध्ये त्यांचे आतले कागद बाहेर आले तेव्हा ते जगाला कळलं. पण आमच्या सोसायटीच्या ग्रुपला असलं काही वजन नाही. तिथे मेसेज येतील त्या क्रमाने दिसतात, माणसं एकाच गेटमधून आत येतात, एकाच टाकीचं पाणी पितात. तरीही तसंच होतं. काकांना लिफ्टमध्ये हात वर करता आला असता. मलाही करता आला असता. फोनवर फक्त डिलीट करता येतं, आणि डिलीट केलेल्याचा अर्थ समोरचा आपल्याला हवा तो लावतो. मी लावला की भित्रेपणा. आत्ता वाटतंय, सत्तरीच्या माणसाने लिहिलेलं पुन्हा उघडून, वाचून, पुसणं हेही काही कमी नाही. त्यांना ते बटण कुठे असतं हे कुणीतरी दाखवावं लागलं असणार.

म्हणून त्यांनी लिहिलं ते बरोबर होत नाही. बाबांचं नाव घ्यायला नको होतं. तो राग मला आहे आणि मी तो ठेवणार आहे. फक्त तो तेवढ्यापुरताच ठेवायचा, त्यात खड्डे, कंटेनर आणि माझी झोप मिसळायची नाही. हे मला जमेल असं नाही. उद्या सकाळी पुन्हा त्याच पत्र्यांच्या कडेने जायचंय, आरसाही अजून वाकडाच आहे.

रविवारी सोसायटीची सभा आहे. जागेचं मी ग्रुपवर आता काही लिहिणार नाही, तिथेच बोलेन. बाबा म्हणतात, तू नको, मी येतो आणि मीच मागतो. वॉकर घेऊन तळमजल्यापर्यंत यायचं म्हणजे फिजिओपेक्षा जास्त व्यायाम होईल, आणि आईचा विरोध आहे. पण मी त्यांना नेणार आहे. पाटकरकाका नेहमी पहिल्या रांगेत बसतात. बाबांची खुर्ची त्यांच्या शेजारीच ठेवू असं मी निखिलला सांगून ठेवलंय.