आमची पहिली सरकारी ऑर्डर, १०० बुशची (बुश म्हणजे शाफ्टभोवती बसणारी धातूची नळी)

बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे, तीन लेथ, एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) आणि वडलांच्या वेळची एक ड्रिल. काम सगळं मोठ्या कंपन्यांचं जॉबवर्क, त्यांचं शेड्यूल थांबलं की आमच्या मशीनवर धूळ. शेवटी शेजारचे फाउंड्रीवाले अण्णा म्हणाले, अरे जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, सरकारी बिड बघ की, घरबसल्या भरता येतंय.

घरबसल्या म्हणजे दीड महिना. एका कागदावर बेळगाव, दुसऱ्यावर बेळगावी (२०१४ ला नाव बदललं ते आम्ही अजून निस्तरतोय), पॅनवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं. आणि खरी मेख उद्यमच्या, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीच्या, सर्टिफिकेटात, सीएकडच्या पोरानं भरताना ट्रेडिंग टाकलेलं. ट्रेडरला २०२१ पासून उद्यम नंबर मिळतो पण तो बँकेच्या कर्जापुरता, सरकारी खरेदीतली सवलत माल बनवणाऱ्याला नाहीतर सेवा देणाऱ्यालाच. ते बदलून मॅन्युफॅक्चरिंग केलं तेव्हा कुठं ईएमडी (बिडसोबत भरायची अनामत) माफ झाली.

बिड होतं केंद्र सरकारच्या एका वर्कशॉपचं, ४०० बुश. एल-१, म्हणजे सगळ्यात कमी दरवाली, आली बाहेरची मोठी कंपनी, आम्ही ९ टक्के वर. मी म्हटलं संपलं. पण नियम असाय की एल-१ वाला मोठा असेल, माल वाटून घेता येण्यासारखा असेल आणि आपला दर त्याच्या १५ टक्क्यांच्या आत असेल तर त्याच्या दराला यायचं का म्हणून छोट्याला विचारावं लागतं, आणि हो म्हटलं तर २५ टक्के माल आपला. म्हणजे १०० बुश. केंद्राच्या खात्यांनी वर्षाच्या खरेदीतली निदान २५ टक्के खरेदी छोट्यांकडनं करायची असं धोरणच आहे, २०१२ चं, आधी २० होतं.

रात्री वहीवर हिशोब मांडला. ९ टक्के सोडले तर हातात काही राहीना. अण्णांनी कास्टिंगला किलोमागं २ रुपये कमी केले, बोअरिंगचा फिक्स्चर मी घरीच बनवला, मग हो कळवलं. त्या १०० बुशमधनं अण्णांच्या फाउंड्रीला, मच्छेच्या पॅटर्नवाल्याला, टेंपोवाल्या मामांना, सगळ्यांना थोडं थोडं काम मिळालं, कुणाचं पोट भरलं असं नाही पण फेब्रुवारीत मशीन बंद राहिली नाहीत.

माल वेळेत पोचला. पैसे? माल स्वीकारल्याचं सर्टिफिकेट ऑनलाइन निघाल्याशिवाय बिल पुढं सरकत नाही, आणि ते काढणारे साहेब रजेवर. फोन केला की ‘नाळे सार, नाळे’, कन्नडमधे उद्या. आमचा हा उद्या काही येईना. कायद्यात ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज. आणि माल घेणाऱ्यानं १५ दिवसांत मालाबद्दल लेखी तक्रार केली नाही तर माल पोचला तोच दिवस स्वीकारल्याचा धरतात, म्हणून डिलिव्हरी चलनावर तारखेसकट शिक्का घ्याच, आमच्या ड्रायव्हरनं भांडून घेतला म्हणून बरं. छोट्यांच्या थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर केस टाकायची होती, फॉर्म अर्धा भरला पण, मग अण्णा म्हणाले पुढची ऑर्डर पाहिजे ना तुला? सोडला तसाच. नुसती शिक्क्याच्या चलनाची कॉपी जोडून एक सरळ ईमेल पाठवला.

७१ व्या दिवशी पैसे जमा झाले, व्याज नाही, मी मागितलंही नाही. पुढच्या बिडचा दर टाकलाय, त्यात ७१ दिवसांचं सीसीचं (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं) व्याज आधीच धरलंय, त्यामुळं १५ टक्क्यांच्या आत बसतोय की नाही तेवढीच धाकधूक आहे.